जेनेरिकमध्ये ‘न्यू टी’ लिहायचं, की ऑब्जेक्ट बनवणारं फंक्शन बाहेरून घ्यायचं?

धागाकर्ता: सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत जेनेरिक, म्हणजे वेगवेगळ्या टाइपसाठी चालणारा कोड लिहिताना, टाइप पॅरामीटरवर (‘टी’, म्हणजे वापरताना ठरणारा टाइप) ‘न्यू’ची अट घातली की आत सरळ ‘न्यू टी’ लिहून ऑब्जेक्ट बनवता येतो. माझं मत स्पष्ट आहे: नव्या कोडमध्ये ही अट घालूच नये. उदाहरणार्थ, माझा ‘ग्राहक’ नावाचा क्लास घ्या: नाव नसलेला ग्राहक तयारच होऊ नये असं मला वाटत असलं, तरी या अटीपायी ग्राहकाला रिकामा (पॅरामीटर नसलेला) पब्लिक कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड, ठेवावा लागतो. मग अर्धवट ऑब्जेक्ट कोडभर फिरतात आणि जागोजागी नल (किंमतच नसणं) तपासावा लागतो. त्यापेक्षा ऑब्जेक्ट बनवणारं फंक्शनच पॅरामीटर म्हणून मागा.

प्रतिसाद १: असहमत. रिकामा कन्स्ट्रक्टर नसेल तर बिल्डच होत नाही, ही हमी मोलाची आहे. तुमच्या पद्धतीत प्रत्येक कॉलला तोच लॅम्डा (जागेवरच लिहिलेलं छोटं फंक्शन) लिहा! फाइलमधून रेकॉर्ड वाचताना आधी कोरा ऑब्जेक्टच लागतो, प्रॉपर्टी नंतर भरतात. जावात टाइप इरेजरमुळे (प्रोग्राम चालताना ‘टी’ कोणता ते पुसलं गेलेलं असतं) हे जमत नाही, म्हणून तिथले लोक क्लासची माहिती किंवा ऑब्जेक्ट बनवून देणारा सप्लायर सोबत घेऊन फिरतात. आपल्याला २००५ पासून, सी शार्प २.० पासून मिळालेली सोय का सोडायची?

धागाकर्ता: हमी कन्स्ट्रक्टर असल्याची आहे, ऑब्जेक्ट वापरण्याजोगा असल्याची नाही. शिवाय ‘न्यू टी’चं कंपायलर आतून अ‍ॅक्टिव्हेटरच्या क्रिएटइन्स्टन्स या मेथडच्या कॉलमध्ये रूपांतर करतो. कन्स्ट्रक्टरमध्ये एक्सेप्शन (चालताना आलेली चूक) आलं तर ते टार्गेटइन्व्होकेशनएक्सेप्शन या दुसऱ्याच एक्सेप्शनमध्ये गुंडाळून बाहेर येतं आणि मूळ प्रकारासाठी लिहिलेला कॅच (एक्सेप्शन पकडणारा कोड) कोरडा राहतो. यापायी मी एक अख्खी रात्र घालवली आहे.

प्रतिसाद २: अर्धवट ऑब्जेक्टचा मुद्दा आता तितकासा टिकत नाही. सी शार्प ११ पासून (२०२२) प्रॉपर्टी ‘रिक्वायर्ड’, म्हणजे ऑब्जेक्ट बनवतानाच भरणं सक्तीची, करता येते. कन्स्ट्रक्टर अशा प्रॉपर्टी स्वतः भरतो असं जाहीर केलेलं नसेल, तर असा टाइप ‘न्यू’च्या अटीत बसत नाही, कंपायलर अडवतो. आणि कोणी ‘न्यू टी’च्या जागी ‘डिफॉल्ट’ सुचवत असेल तर सांभाळून: सी शार्प १० पासून स्ट्रक्टला (थेट किंमत म्हणून वापरला जाणारा टाइप) स्वतःचा रिकामा कन्स्ट्रक्टर असू शकतो. ‘न्यू टी’ तो चालवतो, ‘डिफॉल्ट’ फक्त शून्यं भरतो.

धागाकर्ता: रिक्वायर्डचं मान्य. पण मग माझा ग्राहक तुमच्या जेनेरिकमध्ये येणारच नाही, म्हणजे फंक्शन लागलंच ना? लॅम्डाचा कंटाळा असेल तर इंटरफेसमध्ये (टाइपने पाळायच्या करारात) ‘तयार कर’ ही स्टॅटिक अ‍ॅबस्ट्रॅक्ट मेथड ठेवा, म्हणजे प्रत्येक टाइपला ती स्वतः लिहावी लागेल. ही सोयही सी शार्प ११ मध्येच आली. पॅरामीटरही देता येतात, कंपायलरची हमीही मिळते.

प्रतिसाद १: स्वतःच्या टाइपसाठी पटलं. दुसऱ्याच्या लायब्ररीतल्या सील्ड क्लासला (ज्यावरून नवा क्लास काढता येत नाही) तुमचा इंटरफेस कसा लावणार? तिथे मी ‘न्यू टी’च लिहिणार.