शब्दचर्चा : रग्बीत टॅकलनंतर चेंडू ‘टेकवायचा’ की ‘ठेवायचा’?

शाळेच्या रग्बी संघासाठी सरावाची टिपणं मराठीत लिहितोय. टॅकल होऊन (प्रतिस्पर्ध्याने धरून पाडल्याने) खाली पडलेला खेळाडू चेंडू आपल्या संघाच्या बाजूला देतो, त्याला ‘चेंडू टेकवणे’ म्हणावं का? आणि टॅकलला सरळ ‘पकड’ म्हटलं तर?

— ‘टेकवणे’ ट्रायसाठी राखून ठेवा. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ५ गुण. टॅकलनंतर करायचं ते ‘मागे ठेवणं’. यातला ‘मागे’ अजिबात गाळू नका. नियमाप्रमाणे पडलेल्याने चेंडू लगेच मोकळा करायचा असतो. तो कुठेही ढकलता येतो, फक्त पुढे नाही.

सराव असा लिहा : एकाने शील्ड (भिडण्याच्या सरावाची जाड गादी) धरावी. दुसऱ्याने चेंडू घेऊन खांद्याने भिडावं, पाय थांबवू नयेत. मग गुडघा, मांडी, खांदा असं क्रमाने जमिनीवर यावं. कुशीवर वळून डोकं आपल्या संघाकडे करावं, अंग गोलरेषेला काटकोनात सरळ ठेवावं आणि दोन्ही हात पूर्ण लांब करून चेंडू ठेवावा. हात आखडले तर चेंडू पोटाशी राहतो आणि जॅकल करायला, म्हणजे वाकून चेंडू हिसकावायला आलेल्या प्रतिस्पर्ध्याला तो आयता मिळतो. हात लांब असले की त्याला अख्ख्या अंगावरून वाकावं लागतं, तेवढ्यात आपला साथीदार पोचतो.

— ‘मांडणे’ का नको? दोन्ही हातांनी नीट ठेवणं त्यात येतं.

— येतं, पण मांडायला सवड लागते आणि इथे ती मिळत नाही. त्यापेक्षा क्रियापदांच्या जोड्या मुलांकडून पक्क्या करून घ्या. चेंडू ‘सोडला’ हे बरोबर. हातातून पुढे ‘सुटला’ तर नॉक-ऑन, म्हणजे चूक. मुंबईत पावसाळ्यात ओल्या चेंडूने खेळताना हा फरक पावलोपावली दिसतो. तसंच ‘पडला’ आणि ‘पाडला’. प्रतिस्पर्ध्याने धरून पाडलं तरच टॅकल. आपणहून घसरून पडलेला, कुणी धरलेला नसेल तर, चेंडूसकट उठून पळू शकतो. मराठीत एका मात्रेत सांगून होतं, ते वापरा.

— मग धरून पाडणं म्हणजे पकडच झाली ना!

— कबड्डीमुळे तसं वाटतं, पण टिपणात तो शब्द मी कधीच घेणार नाही. कबड्डीत पकड केली की चढाई संपेपर्यंत सोडायचं नाही. रग्बीत उलट, चेंडूवाला खाली आला की टॅकल करणाऱ्याने त्याला लगेच सोडून बाजूला व्हायचं, नाहीतर पेनल्टी. कबड्डी खेळून आलेली मुलं पाय घट्ट धरून बसतात, ती या सवयीनेच. टॅकल हा शब्द मुलांच्या तोंडी आहे, तोच ठेवा; खाली सूचना लिहा : ‘धर, पाड, सोड, ऊठ.’