व्ही-शेप पाठ: पुलडाऊनला बेटकुळ्याच भरतात, काखेखाली काही जाणवत नाही

सरळ_रेष

उंची १७४ सेंमी, वजन ७१ किलो, बेंबीवर कंबर ८७ सेंमी. जिम दीड वर्ष. पाठ आठवड्यातून एकदाच, सोमवारी: वाइड ग्रिप पुलडाऊन (बसून वरचा बार रुंद पकडीने खाली ओढणं) ४ सेट, मानेमागून पुलडाऊन ३, बारबेल रो (वाकून बार पोटाकडे ओढणं) ४, सीटेड रो (तेच बसून केबलवर) ३, मग डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) आणि श्रग्ज (हातात वजन धरून खांदे वर उचलणं). पुलडाऊनला मशीनवर ७० लावून १० रेप्स (आवर्तनं) निघतात, पण पुलअप्स (बारला लटकून स्वतःला वर ओढणं) सलग ३ च. सेट संपला की बेटकुळ्या आणि कोपराखालचा हात भरून येतो. काखेपासून कमरेपर्यंत मात्र सरळ रेष.

ग्रिप आणखी रुंद करू का? पुलडाऊन सोडून फक्त पुलअप्स मारू का? आणि आधी वजन वाढवायचं की कंबर कमी करायची? संध्याकाळी गर्दी असते, त्यामुळे एका मशीनवर फार वेळ बसता येत नाही.

लोखंड_खडू

तुमच्या दोन आकड्यांचा मेळ बसत नाही, आणि दुखणं तिथेच आहे. ७१ किलोच्या माणसाने खरोखर ७० किलो १० वेळा नीट खाली ओढले तर त्याला ८-१० पुलअप्स यायला हव्यात. म्हणजे तुमच्या मशीनवरचे आकडे पौंडात असतील (७० पौंड म्हणजे जेमतेम ३२ किलो), किंवा पुलीची रचना अशी असेल की हातात निम्मंच वजन येतं, किंवा तुम्ही मागे झोपून सगळ्या धडाने ओढताय. तीनही कारणं एकत्र असू शकतात. मशीनवरचा आकडा त्याच मशीनपुरता खरा, दुसऱ्या जिममधल्या माणसाशी त्यावरून तुलना करू नका.

आता लॅट्स, म्हणजे पाठीच्या बाजूचे रुंद स्नायू, कुठून कुठे जातात ते बघा, म्हणजे ग्रिपचा प्रश्न आपोआप सुटेल. हा स्नायू पाठीच्या खालच्या अर्ध्या मणक्यांपासून, कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपासून आणि खालच्या तीन-चार बरगड्यांपासून निघतो, काखेखालून वळतो आणि दंडाच्या हाडाला पुढच्या बाजूने वरती चिकटतो. कोपराच्या पलीकडे तो जातच नाही. त्यामुळे मूठ बारवर कुठे आहे याच्याशी त्याला थेट घेणंदेणं नाही, दंड वरून खाली किती अंतर आला याच्याशी आहे. ग्रिप फार रुंद केली की वर असतानाच दंड बाजूला पसरलेला असतो, म्हणून खाली यायला अंतरच उरत नाही. 'बार रुंद तर पाठ रुंद' हे ऐकायला छान आहे, एवढंच. खांद्यांच्या रुंदीच्या सव्वा ते दीडपट ग्रिप पुरे.

सेट असा करा. मांडीवरची गादी घट्ट, पार्श्वभाग उचलता येऊ नये इतकी. अंगठाही बारच्या वरून, बाकी बोटांच्या बाजूला ठेवून बघा. मुठीची पकड सैल होते आणि बऱ्याच जणांची बेटकुळी त्याने गप्प बसते. हात पूर्ण वर जाऊ द्या, खांदे कानाकडे वर खेचले जाऊ द्या. काखेखाली ताण जाणवला की कोपर न वाकवता आधी फक्त खांदे खाली आणा, दोन-तीन सेंटिमीटरच. मग कोपरं पँटच्या मागच्या खिशात घालायची आहेत असं समजून ओढा. बार हासळीच्या हाडाच्या आसपास आला की थांबा. छातीखाली पोटापर्यंत आणायच्या नादात कोपरं मागे जातात, खांदे पुढे गोल होतात आणि शेवटचा भाग हातांनी ढकलला जातो. धड १० ते १५ अंश मागे, आणि सेट संपेपर्यंत तिथेच. वर सोडताना २-३ सेकंद घ्या. बहुतेक लोक हाच अर्धा भाग फुकट घालवतात: बार खाली आणतात जोर लावून आणि वर सोडतात धाडकन.

असं केल्यावर वजन २५-३० टक्क्यांनी उतरवावं लागेल. शेजारचा बघतोय म्हणून उतरवायचं नाही, ही दीड वर्षाची जुनी सवय मोडायला वेळ लागतो.

मानेमागून पुलडाऊन बंद करा. लॅट्सला त्यातून जास्तीचं काही मिळत नाही आणि मान पुढे काढून खांदा त्याच्या शेवटच्या टोकाला जातो. श्रग्जसुद्धा सध्या नकोत. वरचे ट्रॅप्स (मान आणि खांद्यामधले स्नायू) वाढले की मानेपासून खांद्यापर्यंत उतार दिसतो आणि खांदे उलट अरुंद वाटतात. डेडलिफ्ट चांगलीच आहे, पण ती पाठीची जाडी आणि कमरेची ताकद देते. रुंदीसाठी तिच्यावर विसंबू नका, आणि रोच्या चार सेटनंतर थकलेल्या कमरेने तर अजिबात मारू नका. ती पायांच्या दिवशी टाका.

तांबडी_माती

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण पुलअप्सबद्दल थोडं. पुलडाऊनने स्नायू वाढतो हे मान्य. तरी बारवर मागे झोपून फसवता येत नाही आणि वजन पौंडात की किलोत हा वाद राहत नाही, म्हणून दोन्ही ठेवा, पुलअप्स आधी.

३ येतात तर ३-३-३ मारून थांबू नका. एकूण १६ रेप्सचं ध्येय ठेवा आणि २-२ चे ८ सेट करा, मध्ये ९० सेकंद. प्रत्येक रेप स्वच्छ, खाली हात सरळ, वर हनुवटी बारच्या वर. दोन आठवड्यांनी त्याच १६ रेप्स ६ सेटमध्ये बसवा, मग ५ मध्ये. सलग ३ सेट ८-८-८ जमले की कमरेला २.५ किलोची प्लेट बांधा. निगेटिव्ह मारायच्या असतील तर स्टुलावरून वर चढून ५ सेकंदांत खाली या, ३ रेप्सचे ३ सेट, आठवड्यातून एकदाच. एकदम ३०-४० निगेटिव्ह मारून हात दोन दिवस सरळ होत नाहीत अशी गत नवख्यांची होते. हात सुजले आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर मसाज-बाम करत बसू नका, थेट डॉक्टर गाठा, स्नायू फुटल्याने मूत्रपिंडावर भार येतो.

तालमीत जाणाऱ्यांसाठी एक गैरसमज: जोर मारून पाठ रुंद होत नाही. जोर हा ढकलण्याचा व्यायाम आहे, त्यातून छाती, खांदे आणि दंडाचा मागचा भाग मिळतो. मल्लखांबवाल्यांच्या आणि पैलवानांच्या पाठी रुंद दिसतात त्या ओढण्याच्या कामामुळे: खांबावर आणि दोरीवर स्वतःचं वजन ओढणं, कुस्तीत समोरच्याला खेचून आणणं. जवळ दोरी टांगलेली तालीम असेल तर ४-५ मीटर चढणं हा पुलअप्सचा सख्खा भाऊ आहे. आधी पायांची पकड घेऊन, मग फक्त हातांनी. उतरताना हातावर हात ठेवत उतरा. घसरत आलात तर तळवे सोलतात आणि पुढचे आठ दिवस बार धरता येत नाही.

सांधे_वंगण

वजन वाढवण्याआधी एक तपासणी करा. भिंतीला पाठ, ढुंगण आणि डोकं टेकून उभे राहा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे. हात सरळ ठेवून डोक्यावर न्या आणि अंगठे भिंतीला लावा. कंबर भिंतीपासून कमान करून सुटली किंवा अंगठे लागलेच नाहीत, तर लॅट्स किंवा छाती आखडलेली आहे आणि पुलडाऊनमध्ये वरचा ताण तुम्हाला मिळतच नाहीये. अशा वेळी रोज बारला २०-३० सेकंद दोनदा-तीनदा नुसतं लटका, पाय जमिनीला हलके टेकलेले चालतील. खांद्यात समोर टोचलं तर लटकणं सोडा आणि दाखवून घ्या.

दुसरं, लॅट्स दंडाला आतल्या बाजूला फिरवतात. रोज खुर्चीत वाकून बसणाऱ्याने फक्त वरून खाली ओढण्याचा व्यायाम वाढवला आणि खवाटे मागे ओढणारा एकही ठेवला नाही, तर खांदे पुढे पडतात आणि पाठ समोरून अरुंद दिसते. म्हणून रो आणि मागच्या खांद्याचा एक व्यायाम काढू नका.

कोपराच्या आतल्या टोकदार हाडापाशी दुखायला लागलं तर कारण बहुधा तळवे आपल्याकडे करून सरळ बारवर मारलेल्या चिनअप्स आणि अचानक वाढवलेले सेट. दोन-तीन आठवडे ओढण्याचे सेट निम्मे, तळवे समोरासमोर येतील असा हँडल, आणि जड सेटला मनगटाचे पट्टे. पट्टे वापरणं म्हणजे फसवणूक असं काही जण म्हणतात. पाठीच्या आधी मूठ सुटत असेल तर पट्टा लावावा, मुठीची ताकद वेगळी कमवावी.

लोखंड_खडू

आता वेळापत्रक, कारण आठवड्यातून एकदा १४ सेट हीच मोठी गोची आहे. सातव्या-आठव्या सेटनंतर दम आणि मूठ दोन्ही संपतात, पुढचे नुसते मोजायचे. तेच काम दोन दिवसांत वाटा, मध्ये किमान दोन दिवस.

सोमवार: पुलअप्स वर सांगितल्याप्रमाणे. मग केबलवर एका हाताने पुलडाऊन, गुडघ्यावर बसून, ३ सेट १०-१२. बाक ३०-४५ अंशांवर लावून छाती टेकवून डंबेल रो, ३ सेट ८-१०. साइड रेज (डंबेल धरून हात बाजूने वर उचलणं) ३ सेट १२-१५.

गुरुवार: तळवे समोरासमोर येतील अशा हँडलने पुलडाऊन ३ सेट १०-१२. एका हाताचा डंबेल रो ३ सेट १०, डंबेल छातीकडे न आणता खिशाकडे न्या, नाहीतर तो ट्रॅप्सचा व्यायाम होतो. दोरीने सरळ हाताचा पुलडाऊन २ सेट १५, कोपराचा कोन सुरुवातीला जो तोच शेवटपर्यंत. मागच्या खांद्याचा फ्लाय (पुढे वाकून हात बाजूला उघडणं) २ सेट १५. पुन्हा साइड रेज ३ सेट.

साइड रेज इथे भरीला टाकलेला नाही. व्ही म्हणजे वरची रुंदी आणि कंबर यांतलं अंतर, आणि वरची रुंदी सगळ्यात बाहेरच्या टोकाला ठरते ती खांद्याच्या बाजूच्या स्नायूने. हात नेमके बाजूला न नेता थोडे पुढे, साधारण ३० अंश, ५ ते ७.५ किलोने. १२.५ उचलून कमरेला झटके देणाऱ्यांचे ट्रॅप्स वाढतात.

प्रत्येक सेट एक-दोन रेप्स शिल्लक असताना थांबवा, फक्त शेवटचा सेट जवळपास संपेपर्यंत. तीनही सेटला १२ आले की एक प्लेट वाढवा, रेप्स ९-१० वर येतील, पुन्हा १२ पर्यंत चढा. वहीत लिहा. पाठ आरशात दिसत नाही, दुसऱ्या दिवशी दुखली की नाही यावरूनही काही कळत नाही. वहीतला आकडा कळतो.

गर्दीचं म्हणाल तर जड सेटमध्ये २ मिनिटं विश्रांती लागतेच. त्या वेळात साइड रेजचा सेट उरकून घ्या, स्नायू वेगळे असल्याने नुकसान नाही, आणि केबलवर कुणाला मध्ये येऊ द्या.

डबा_आणि_टेप

वजन की कंबर? १७४ ला ८७ कंबर म्हणजे आत्ता वजन वाढवलं तर आधी पोट वाढेल. ७१ वर राहा किंवा महिन्याला किलोभर कमी होईल इतकंच खाणं आवरा. कंबर ८३ वर आली तर पाठ मिलिमीटरभर न वाढताही रुंद दिसेल. पोटाच्या व्यायामाने पोटावरचीच चरबी जाते असं होत नाही, आणि हातात जड डंबेल घेऊन बाजूला वाकण्याचा प्रकार तर बंदच करा, कमरेच्या बाजूचे स्नायू जाड करून काय मिळवायचंय?

प्रथिनं वजनाच्या प्रत्येक किलोला १.६ ग्रॅम धरा, तुमचे साधारण ११४. डब्यातून जमतं: ४ अंडी २४, ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स २६, १०० ग्रॅम पनीर १८, दिवसभरात ८० ग्रॅम कच्ची डाळ १७, ३०० ग्रॅम दही १०, आणि दीडशे ग्रॅम कणकेच्या पोळ्या १८. बेरीज ११३. पावडर घेतलीत तर पनीर कमी करा. डाळीची वाटी पातळ आमटीची असेल तर हा हिशोब कोलमडतो, कच्चं वजन मोजा.

टेप दर दोन आठवड्यांनी, सकाळी उपाशीपोटी: बेंबीवर कंबर आणि दोन्ही खांद्यांच्या सगळ्यात रुंद भागावरून घेर. दोन्ही वेळा श्वास सोडून, छाती न फुगवता.

सरळ_रेष

आभार. मशीन बघून आलो, छोट्या अक्षरात पौंडच लिहिलंय. :) दोन शंका. हासळीची लांबी आणि लॅट्स कुठे संपतात हे जन्मजात असतं म्हणतात, मग उपयोग किती? आणि जिममध्ये केबलला एका हाताचा हँडल नाही, तुटलेला आहे.

लोखंड_खडू

हाडं बदलत नाहीत, खरं आहे. काहींचे लॅट्स कमरेपर्यंत भरलेले उतरतात, काहींचे बरगडीच्या मध्यावरच संपल्यासारखे दिसतात आणि खाली नुसती दोरी उरते. त्यामुळे दुसऱ्यासारखा आकार येईलच असं नाही, पण दीड वर्ष ३२ किलो ओढणाऱ्याने इतक्यात जन्माला दोष देऊ नये.

हँडलचं सोपं आहे. पायाला बांधायचा केबलचा पट्टा असेल तर तो कोपराच्या लगेच वर दंडाला बांधा, खाली पातळ टॉवेल. मूठ आणि बेटकुळी दोन्ही बाद, ओढायला लॅट्सशिवाय फारसं कुणी उरत नाही. वजन निम्म्याने सुरू करा. पट्टा नसेल तर जाड पंचा कडीतून ओवून दोन्ही टोकं एका मुठीत धरा. ओला पंचा नको, निसटतो.