जुन्या पेडल स्टील गिटारचे भाव: वाजवी की फुगवलेले?

(चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

मींड

सेकंडहँड पेडल स्टीलच्या (पायांवर आडवी ठेवून, पेडल आणि गुडघ्याच्या लिव्हरने तारांचे स्वर बदलत वाजवायची गिटार) जाहिरातीत नाव असतं, साल असतं, मेपलच्या लाकडाच्या लाटा उठून दिसतील असे फोटो असतात. चेंजरचा, म्हणजे तारांचा स्वर चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या यंत्रणेचा, जवळून काढलेला फोटो नसतो आणि वाद्य उलटं करून काढलेला तर जवळजवळ कधीच नसतो. वाद्याची खरी किंमत मात्र याच दोन जागी कळते.

माझं मत सरळ मांडतो. आज मागितले जाणारे बरेचसे भाव वाजवी नाहीत. वाद्य काय काय करू शकतं याचा हिशोब कुणी करत नाही, पुढच्या पट्टीवरचं नाव वाचून आकडा ठरतो.

शो-बड कंपनीचा मॅव्हरिक घ्या. तो विद्यार्थ्यांसाठी काढलेला मॉडेल, आणि बाजारात येणाऱ्या बहुतेकांना ३ पेडल्स आणि गुडघ्याचा १ लिव्हर असतो. ई-नाइनची (तारा लावायची सगळ्यात रूढ पद्धत) आजची किमान गरज ३ पेडल्स आणि ४ लिव्हर अशी आहे. चौथी आणि आठवी तार ई वरून एफला चढवणारा एक, त्याच तारा डी-शार्पला उतरवणारा दुसरा, दुसरी आणि नववी उतरवणारा तिसरा, आणि पाचवी किंवा पहिलीसाठी चौथा. एकच लिव्हर असेल तर ई चढवायचा की उतरवायचा, यातलं एकच मिळतं. एफचा लिव्हर नसेल तर ए पेडलसोबत तीन फ्रेट वर जाऊन तोच कॉर्ड पकडण्याची सोय गेली. शिकणारा सहा महिन्यांत या भिंतीला धडकतो. तरीही त्याच्याकडून पूर्ण वाद्याच्या जवळ जाणारी रक्कम मागितली जाते, कारण पाटी शो-बडची आहे.

बेल क्रँक

असहमत. मॅव्हरिकबद्दल बोलता ते खरं, पण त्यावरून सगळ्या बाजाराला नाव ठेवता येणार नाही.

एका मानेच्या, १० तारांच्या, ३ पेडल्स आणि ४ लिव्हरच्या गिटारच्या पोटात काय असतं ते मोजा. ए पेडल पाचवी आणि दहावी तार बी वरून सी-शार्पला नेतं: २ रॉड (पेडलची ओढ चेंजरपर्यंत नेणाऱ्या सळया). बी पेडल तिसरी आणि सहावी जी-शार्प वरून ए ला: आणखी २. सी पेडल चौथी आणि पाचवी: २. ई चढवायला २, उतरवायला २, दुसरी-नववीला २, शेवटच्या लिव्हरला १ किंवा २. म्हणजे १३-१४ रॉड. प्रत्येक रॉडच्या एका टोकाला बेल क्रँक (शाफ्टवरचा, रॉड ओढणारा छोटा हात), दुसऱ्या टोकाला नायलॉनचा नट. त्याखाली ७ आडवे शाफ्ट, त्यांचे ब्रॅकेट, स्टॉप, स्प्रिंगा. चेंजरमध्ये १० फिंगर (तार ज्यावर टेकते ते हलणारे तुकडे), आणि ऑल-पुलमध्ये (रॉड फक्त ओढून स्वर बदलणारी रचना) प्रत्येक फिंगरला चढवणारा व उतरवणारा भाग वेगळा. हे सगळं अशा अचूकतेने बसावं लागतं की पेडल सोडल्यावर तार पुन्हा त्याच स्वरावर यावी.

साध्या इलेक्ट्रिक गिटारशी याची तुलनाच होत नाही. बनवणारे कारखाने लहान, दरवर्षी निघणारी वाद्यं थोडी, नव्यासाठी महिनोन्‌महिने रांग. अशा वस्तूची किंमत दुसऱ्या हातात निम्म्यावर यावी ही अपेक्षाच चुकीची. मला तर उलट वाटतं: नीट जपलेलं ३+४ ऑल-पुल वाद्य त्यातल्या कामाच्या मानाने स्वस्त मिळतं.

मींड

रॉडची मोजदाद मान्य. पण ती मेहनत पहिल्या मालकाने विकत घेतली. दुसऱ्याला मिळते ती त्या मेहनतीची उरलेली शिल्लक. चाळीस वर्षांत रिव्हेट सैल झाले, फिंगरवर खाचा पडल्या, नायलॉनचे नट तडकले, तर १३ रॉडचा अभिमान बाळगून काय उपयोग? भाग जितके जास्त, तितक्या झिजण्याच्या जागा जास्त. तुमचाच मुद्दा किंमत कमी करायचं कारण ठरतो.

चौथी तार

दोघेही वाद्य न तपासता भांडताय. भाव वाजवी आहे की नाही हे अर्ध्या तासात कळतं. लागतं काय? सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) दाखवणारा ट्यूनर, टॉर्च आणि विक्रेत्याची परवानगी.

पहिली चाचणी कॅबिनेट ड्रॉपची. चौथी तार ई ला लावा, ट्यूनरवर काटा मध्यावर आणा. आता ए आणि बी पेडल एकत्र दाबा. ही दोन्ही पेडल्स चौथ्या तारेला हात लावत नाहीत, तरी काटा खाली सरकतो, कारण ताण वाढून लाकडी पेटी किंचित वाकते. ५ सेंटच्या आत असेल तर उत्तम. ८-१० सेंट उतरत असेल तर तो दोष पेटीच्या बांधणीत आहे, आणि घरी बसून दुरुस्त होणाऱ्यातला नाही. इथे पैसे कमी करून मागा.

दुसरी चाचणी परतीची. आठवी तार लिव्हरने उतरवा, सोडा, ट्यूनर वाचा. मग ती चढवा, सोडा, पुन्हा वाचा. दोन वाचनांत २-३ सेंटपेक्षा जास्त फरक आला तर चेंजर नेमक्या जागी परतत नाही. सहाव्या तारेवरही हेच करा, ती सगळ्यात जास्त त्रास देते.

पण इथे एक गोष्ट जपून सांगतो, कारण याच कारणासाठी चांगली वाद्यं लोक हातची घालवतात. परत न येण्याचं कारण नेहमी झीज नसते. बरेचदा आधीच्या मालकाने नायलॉनचे नट इतके आवळलेले असतात की रॉडला ढील उरत नाही, मग फिंगर स्टॉपवर टेकतच नाही. असं असेल तर त्या तारेचे सगळे नट पूर्ण सैल करा, मोकळी तार खुंटीवर लावा, मग एकेक पेडल दाबून नट हळूहळू आवळत स्वर जुळवा. दुसरं कारण जुनं तेल. फिंगरच्या मधे ते गोंदासारखं घट्ट होतं. लायटरमध्ये भरतात तो नॅफ्था थोडा थोडा सोडून, पेडल दाबत राहून, खाली कापड धरून काळं पाणी निघायचं थांबेपर्यंत धुवायचं. सुकल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक बारीक थेंब. गंज सोडवायचे फवारे नकोत, ते मागे चिकट थर सोडतात आणि वर्षभरात पुन्हा तेच दुखणं. आणि नॅफ्था पेट घेतो, म्हणून खिडक्या उघड्या, जवळ ज्योत नाही.

तिसरी तपासणी फिंगरच्या माथ्याची. तारा बाजूला सरकवून टॉर्च तिरका धरा. तिसरी तार ०.०११ इंचाची आणि बी पेडलवर दरवेळी ताणली जाणारी. तिच्याखाली खाच असेल तर तार वारंवार तिथेच तुटणार. उथळ खाच ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरू करून २००० पर्यंत नेली की जाते. खोल असेल तर चेंजर उतरवावा लागतो, आणि ते नवशिक्याचं काम नाही.

हे सगळं पास झालेलं वाद्य असेल तर मागितलेला भाव बहुधा रास्तच आहे. नापास असेल तर पाटीवर कुणाचंही नाव असो, नाही.

खर्ज

चर्चा फक्त एका मानेच्या गिटारांवर चालली आहे. बाजारातली सगळ्यात मोठी विसंगती दोन मानांच्या वाद्यांत आहे.

डी-१० म्हणजे वादकाच्या जवळच्या मानेवर सी-सिक्स्थ (दुसरी एक लावणी), पलीकडच्या मानेवर ई-नाइन, साधारण ८ पेडल्स, २० तारा, दोन चेंजर, दोन पिकअप, रॉड २५-३०. आता बहुतेकांना फक्त ई-नाइन वाजवायचं असतं आणि वजन नको असतं. कॅरी केससह डी-१० उचलणं म्हणजे २५ ते ३० किलो. त्यामुळे दुसरी मान जवळपास फुकटात मिळते. त्याच बनावटीचं त्याच काळातलं एस-१० (एका मानेचं, १० तारांचं) आणि डी-१० शेजारी ठेवा, भावातला फरक दुसऱ्या मानेतल्या नुसत्या सुट्या भागांचीही भरपाई करत नाही. मींड म्हणतात फुगवटा आहे, तर इथे उलट घसरण आहे. १९७०च्या दशकातले एमएसए कंपनीचे क्लासिक तर अजून दुर्लक्षित. जड आहेत हे खरं, पण मशीनिंग पक्कं आणि यंत्रणा दणकट. दिसायला देखणं नसलं तरी परतीच्या चाचणीत अनेक नाववाल्यांना मागे टाकणारं वाद्य.

अतितार

एमन्स कंपनीच्या पुश-पुल वाद्यांबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. त्याचा भाव जास्त आहे आणि असायलाच हवा. ऑल-पुलमध्ये फिंगर सुट्या भागांवर हलतो. पुश-पुलमध्ये तार चढवताना फिंगर ओढला जातो, उतरवताना ढकलला जातो, आणि स्थिर असताना तो स्टॉपवर घट्ट टेकलेला असतो. मधे सैल दुवा नाही, म्हणून तारेचा आवाज पेटीत शिरतो. तो स्वर नंतरच्या बनावटींत तसाच्या तसा मिळालेला नाही. ज्याला तो हवा आहे त्याच्यासाठी पर्याय नाही, आणि पर्याय नसलेल्या वस्तूची किंमत अशीच ठरते.

चौथी तार

@अतितार, स्वराबद्दल दुमत नाही. पण पहिलंच वाद्य घेणाऱ्याला हे सांगणं धोक्याचं आहे. ऑल-पुलवर एक लिव्हर दुसऱ्या तारेवर न्यायचा तर रॉड आणि बेल क्रँक हलवून तासाभरात काम होतं. पुश-पुलमध्ये चढ-उतार दोन्ही असलेल्या तारेवर एक स्क्रू फिरवला की दुसरा स्वर हलतो. त्यात बदल करायचा तर दिवस जातो, आणि ते जाणणारा कारागीर शोधावा लागतो. तो खर्च जाहिरातीतल्या आकड्यात नसतो, पण घेणाऱ्याला भरावाच लागतो.

अतितार

मान्य. लिव्हर आधीपासून हव्या त्या मांडणीत असतील तरच घ्यावं. वर्षानुवर्षं छेडछाड न झालेलं पुश-पुल मात्र लवकर बिघडत नाही, हेही लिहून ठेवा.

बेल क्रँक

चौथी तार यांच्या यादीत धातूची तपासणी राहिली. १९७०च्या दशकातल्या काही शो-बडमध्ये आतले भाग जस्ताच्या स्वस्त मिश्रधातूत ओतलेले आहेत. ते वाकत नाहीत, सरळ तुटतात, आणि तुटतात तेही स्क्रू आवळताना. टॉर्च मारून बेल क्रँकच्या स्क्रूभोवती केसाएवढी भेग दिसते का पाहा. त्या भागांची पोलादी किंवा ॲल्युमिनियमची बदली झाली असेल तर वाद्य 'मूळ अवस्थेत' नाही म्हणून भाव पाडू नका. वाजवणाऱ्यासाठी ती सुधारणा आहे.

आणखी एक. पाय ४ आहेत का, पेडल रॉड पेडल्सइतके आहेत का, हे मोजा. पायांचे आटे प्रत्येक बनावटीत सारखे नसतात, त्यामुळे एक हरवलेला पाय कुठल्याही दुकानात मिळत नाही.

मींड

हळूहळू सगळे माझ्याच मुद्द्यावर येताय: भाव वाद्याच्या क्षमतेवर ठरावा. मग आकडाच मांडतो. चाचण्या पास झालेलं, एका मानेचं, ३+४ ऑल-पुल वाद्य म्हणजे १०० धरा. प्रत्येक नसलेल्या लिव्हरचे १० वजा. चेंजरमध्ये जादा लिव्हर बसवायला रिकामी भोकंच नसतील तर आणखी २० वजा, कारण पुढे वाढ नाही. खाचा खोल असतील तर १५. मॅव्हरिक या हिशोबाने ५० पर्यंत येतो, धातू ठिसूळ असेल तर त्याखाली. बाजारात तो ५० ला मिळतो का?

बेल क्रँक

नाही मिळत, आणि मॅव्हरिकपुरता मी माघार घेतो. पण तुमच्या सूत्रात लिव्हरचे १० कमी आहेत. लिव्हर, ब्रॅकेट, शाफ्ट, दोन बेल क्रँक, दोन रॉड, दोन नट आणि बसवणाऱ्याची मजुरी धरा, तर १० मध्ये भागत नाही, १५ तरी लावा. म्हणजे ३+१ वाद्यांची किंमत तुम्ही म्हणता त्याहूनही खाली जाते. आणि याच हिशोबाने ३+५ असलेल्या वाद्याला १०० च्या वर १५ द्यायला तुमची तयारी हवी. घेणारे तिथे मात्र घासाघीस करतात.

खर्ज

आणि डी-१० ला या सूत्रात किती?

मींड

१५ पटले. पाचव्या लिव्हरचे १५ ही द्यायला तयार. डी-१० ला १६० यायला हवेत, बाजार १२० देतो. तिथे तुमचं बरोबर, ती वाद्यं पडेल भावात जात आहेत.

चौथी तार

दूरवरून मागवणाऱ्यांसाठी शेवटचं. पैसे देण्याआधी तीन व्हिडिओ मागा: ट्यूनर दिसेल असा कॅबिनेट ड्रॉपचा, आठव्या तारेच्या परतीचा, आणि वाद्य उलटं ठेवून प्रत्येक पेडल व लिव्हर दाबतानाचा. पाठवताना पाय, पेडल रॉड आणि पेडल बार वेगळे गुंडाळायला सांगा. ते कॅरी केसमध्ये मोकळे राहिले तर प्रवासभर गिटारच्या पोटावर आदळतात, आणि लिव्हर वाकलेले घेऊन वाद्य दारात येतं. विक्रेता व्हिडिओ द्यायला टाळाटाळ करत असेल तर मींड यांच्या सूत्रात खोल खाचांचे १५ आधीच वजा करून बोला.