गावातल्या 1914-1919 च्या पाटीवर फक्त आकडे आहेत, नावं कुठे मिळतील?

गोदाकाठ
सिन्नर तालुक्यातल्या एका गावात जुन्या चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी बसवलेली आहे. मजकूर इंग्रजीत, चारच ओळी: या गावातून 1914-1919 च्या महायुद्धावर 23 जण गेले, त्यांपैकी 4 जणांनी प्राण दिले. नाव एकाचंही नाही. चावडी पाडून तिथे ग्रामपंचायतीची नवी इमारत होतेय. पाटी नव्या भिंतीत बसवायची आणि शेजारी ग्रॅनाइटवर नावं कोरायची, असा ग्रामसभेचा ठराव झालाय.

नावं कुठून काढायची? पाटीवर चुन्याचे थर चढलेत, ते कसे काढायचे? आणि ग्रामसभेत वाद झाला तो असा: वर "देशासाठी धारातीर्थी पडले" लिहायचं की नाही? काही जण म्हणतात, ते तर इंग्रजांसाठी लढले.

दप्तरखाना
आधी पाटी, कारण गवंडी थांबणार नाही. ॲसिड किंवा संडास साफ करायचं लिक्विड अजिबात लावू नका. चुना आणि संगमरवर दोन्ही मुळात कॅल्शियम कार्बोनेट, त्यामुळे ॲसिड चुन्याबरोबर अक्षरंही खाऊन टाकतं. ओलं सुती फडकं तासभर चिकटवून ठेवा, मग बांबूच्या चोयटीने हलक्या हाताने खरवडा आणि मऊ ब्रशने साध्या पाण्याने धुवा. तारेचा ब्रश नको. अक्षरं लागत नसतील तर रात्री टॉर्च पाटीला जवळजवळ टेकवून आडवा मारा, खोदकामाची सावली पडते आणि फोटोही चांगला येतो.

काढताना पहारीने उचकटली की कोपरा गेलाच. भोवतीचं बांधकाम ग्राइंडरने कापून मोकळं करा, खाली-मागे प्लायवूडचा आधार द्या. परत बसवताना लोखंडी खिळे किंवा स्क्रू वापरले तर ते गंजून फुगतात आणि दगड तडकतो. स्टेनलेस स्टीलच्या किंवा पितळी पकडी घ्या.

आता नावं. वारलेल्या चौघांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची (महायुद्धांत मेलेल्या ब्रिटिश साम्राज्यातल्या सैनिकांची थडगी आणि नोंदी सांभाळणारी संस्था) वेबसाइट, शोध फुकट आहे. बहुतेकांची फसगत होते ती आडनावाने शोधल्यामुळे. त्या काळच्या शिपायाची नोंद पुष्कळदा नुसती "रामा" किंवा "सखाराम" अशी असते, आडनाव असलंच तर बापाच्या नावापुढे. म्हणून नावाचा रकाना मोकळा ठेवा, युद्ध "पहिलं", सैन्य "इंडियन" निवडा आणि "अधिक माहिती"च्या रकान्यात गावाचं किंवा तालुक्याचं नाव टाका. नोंदीचा साचा साधारण असा: अमक्याचा मुलगा, अमुक गाव, सिन्नर, नाशिक, बॉम्बे.

स्पेलिंग त्या काळचं हवं. नाशिकमधला एच गाळा. मराठा पलटणी "महरट्टा" अशा लिहिलेल्या आहेत. शेजारचे तालुके तपासायचे असतील तर चांदवडला "चांदोर" म्हणायचे (निफाडचं चांदोरी वेगळं, हा घोळ हमखास होतो), पेठला "पेंट" आणि सटाण्याचा तालुका म्हणजे "बागलाण". नांदगाव नावाची गावं राज्यभर आहेत, जिल्हा जुळल्याशिवाय नाव धरू नका. गावाच्या नावाची पाच-सहा स्पेलिंगं करून बघा; शेवटचा "ए" असणं-नसणं, "व"चा व्ही की डब्ल्यू, एवढ्यानेही निकाल बदलतो. यादी फाइल म्हणून उतरवता येते. ती उतरवून घ्या आणि चाळणी घरी बसून लावा.

पलटण_103
वरच्यात भर. फक्त मराठा पलटणी पाहून थांबू नका. त्यांची भरती प्रामुख्याने कोकण आणि सातारा भागातली, नाशिकचा माणूस कुठेही सापडू शकतो: खडकीचे सॅपर्स अँड मायनर्स (पूल-खंदक बांधणारे लष्करी इंजिनिअर), मुंबई इलाख्याच्या पायोनियर म्हणजे रस्ते-खंदकांचं काम करणाऱ्या पलटणी (क्रमांक 107, 121, 128), खेचरं हाकणारे ड्राबी, डोली उचलणारे, भिस्ती, लेबर कोअर म्हणजे मजुरांच्या तुकड्या. हे बिनलढाऊ लोक वगळून शोधलं की आकडा जुळत नाही आणि मग पाटीच चुकीची ठरवली जाते.

मराठ्यांपैकी 103, 110 आणि 117 या तीन पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेल्या आणि कुत अल अमाराच्या वेढ्यात सापडल्या. वेढा 7 डिसेंबर 1915 ला पडला, 29 एप्रिल 1916 ला सुमारे 13 हजार लोक शरण गेले. अन्न संपत आलं तेव्हा घोडे कापले गेले. पुष्कळ हिंदी शिपायांनी ते मांस कित्येक आठवडे नाकारलं, भाजीपाला नव्हताच, त्यामुळे स्कर्व्हीने (क जीवनसत्त्वाअभावी होणारा रोग) त्यांच्यातच जास्त माणसं झोपवली. शरणागतीनंतर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, अनेकांना बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. कैदेत मेलेल्याची सरकारी तारीख आणि घरात पाळली जाणारी तिथी जुळली नाही तर तेवढ्यावरून नाव बाद करू नका.

इराकमध्ये थडगं नसलेल्यांची नोंद बसरा स्मारकावर दिसेल. तिथे मेख आहे. मूळ स्मारकावर हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांचीच नावं कोरली. साधे शिपाई पलटणीखाली "आणि इतके हिंदी सैनिक" अशा नुसत्या आकड्यात गेले. म्हणजे तुमच्या चावडीच्या पाटीवर झालं तेच बसऱ्याला झालं, फरक आकाराचा. कमिशनने 2021 च्या अहवालात हे कबूल केलं: किमान 1 लाख 16 हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोकांची नावानिशी नोंद झाली नाही किंवा अजिबातच झाली नाही. यांत बहुतेक आफ्रिकेतले आणि मध्यपूर्वेतले आहेत. तेव्हा चारातले दोन जरी मिळाले तरी शोध नीट झाला म्हणा.

इजिप्त-पॅलेस्टाइन आघाडीवर मेलेल्यांची नावं सुवेझजवळच्या पोर्ट तौफिकच्या स्मारकावर होती. ते 1926 चं स्मारक पुढे इस्रायल-इजिप्तच्या लढायांत उद्ध्वस्त झालं आणि 1980 मध्ये कैरोच्या हेलिओपोलिसला नवं उभं राहिलं. बसऱ्याचं स्मारकही 1997 मध्ये बंदरावरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर 32 किलोमीटर आत नेलं. जुने पत्ते धरून बसू नका.

काळी_माती
वादाच्या मुद्द्यावर. वरची यादी काढाल तेव्हा मृत्यूची तारीख आणि ठिकाण हे दोन रकाने आधी वाचा. कमिशनच्या हिशेबात पहिलं महायुद्ध 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 असं चालतं. त्यामुळे 1920 च्या उन्हाळ्यात इराकमध्ये मेलेला शिपाईही "महायुद्धातला" म्हणून येतो. प्रत्यक्षात त्या वर्षी तिथले लोक ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठले होते आणि ते बंड मोडायला हिंदी फौज वापरली. 1919 चा अफगाण लढा, वझिरीस्तान, हेही त्याच यादीत. तुर्कांशी लढताना मेलेला आणि दुसऱ्या गुलाम देशाचं बंड मोडताना मेलेला यांच्यावर एकच ओळ कशी लिहिणार?

पण "इंग्रजांचे भाडोत्री" हेही मला पटत नाही. हिंदुस्थानात सक्तीची भरती कायद्याने नव्हती हे खरं, तरी मामलेदार-पाटलांमार्फत येणारा दाब कायद्यात कुठे लिहिलेला असतो? शिपायाचा पगार महिना 11 रुपये, फुकट शिधा 1917 पासून. कोरडवाहू घराला एक खाणारं तोंड कमी होऊन पैसे येणं ही मोठीच गोष्ट होती. महारांची भरती तर सरकारनेच एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद केलेली, अर्जामागून अर्ज गेले, आणि गरज पडली तेव्हा 1917 मध्ये 111 महार पलटण उभी केली. 1921 मध्ये ती मोडूनही टाकली. त्यांच्यासाठी वर्दी हा इज्जतीचा हक्क होता.

पुढारीही एका सुरात नव्हते. गांधीजी 1918 मध्ये गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात भरतीसाठी गावोगाव फिरत होते. टिळकांचा भरतीला विरोध नव्हता, पण स्वराज्याचा शब्द त्यांना हवा होता. 10 जून 1918 ला मुंबईच्या परिषदेत गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना बोलू दिलं नाही आणि ते उठून गेले. आणि हे सगळं त्याच मुलखात, जिथे 1909 मध्ये नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या होत्या. तुमच्या पाटीवरचं शेवटचं वर्ष, 1919, रौलट कायद्याचं आणि जालियनवाला बागेचंही आहे.

माझं मत: "कशासाठी" हा शब्दच दगडावर नको. नाव, बापाचं नाव, तुकडी, तारीख, ठिकाण. बाकी वाचणारा ठरवेल.

पलटण_103
@काळी_माती, तारखेचा मुद्दा बरोबर, पण अगदी कोरडं लिहिलं तर ग्रामसभा मान्य करणार नाही. "1914-1921 च्या लढायांत मरण पावलेले या गावचे सैनिक व मजूर" एवढा मथळा चालावा. "मजूर" गाळू नका.

गोदाकाठ
मथळा आवडला, तोच मांडतो. उरलेल्या 19 जणांचं काय? पंजाबच्या सैनिकांची लाखो नावं लाहोरला सापडल्याचं वाचलं होतं, तसं आपल्याकडे?

दप्तरखाना
ती रजिस्टरं फक्त पंजाबची आहेत, त्यात नाशिक मिळणार नाही. ब्रिटनच्या अभिलेखागारातली पदक-कार्डंही हिंदी शिपायांसाठी जवळजवळ निरुपयोगी, तिथे भारतीय सैन्यातले बहुतेक गोरे अधिकारीच आहेत.

परत आलेल्यांसाठी घरोघरी पदकं विचारा, आणि पदक पाहताना चेहरा नव्हे, कड बघा. 36 मिलिमीटरचं चांदीचं, एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार: हे ब्रिटिश वॉर मेडल. त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण बारीक कोरलेलं असतं. तेच पदक काशाचं निघालं तर मालक बहुधा लेबर कोअरचा. पंख असलेल्या देवीचं व्हिक्टरी मेडल असेल तर तिथेही कडच. चांदणीच्या आकाराचं 1914-15 चं पदक मागच्या सपाट बाजूला वाचायचं. चिंच किंवा पितांबरीने घासू नका, कड आधीच झिजलेली असते. चांदीची पदकं पुष्कळ घरांतून सोनाराकडे गेलीत, तेव्हा कमी मिळाली तर नवल नाही.

दुसरा रस्ता महसुली. तहसीलच्या अभिलेख कक्षात 1919 ते 1930 चे फेरफार बघा. वारस लावताना "फौजेत मयत" किंवा पेन्शनचा उल्लेख कधी कधी येतो. मोडी वाचणारा सोबत न्या. पलटणीचं नाव पक्कं झालं तर बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला नंबरासकट लिहा. नंबराशिवाय पत्र पाठवून उपयोग होत नाही, एकाच नावाचे डझनभर निघतात.

ग्रॅनाइटवर मेलेले आणि परतलेले असे दोन रकाने करा आणि दोन्हींच्या खाली ओळी मोकळ्या ठेवा. नंतर नाव सापडलं तर जागेवरच कोरता येतं, पूर्ण पाटी उतरवावी लागत नाही.