‘व्हायरल सप्रेशन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
एचआयव्हीच्या उपचारांवरची एक माहितीपत्रिका मराठीत आणते आहे. आधीच्या मसुद्यात ‘विषाणुभाराचे दीर्घकालीन दमन व प्रतिकारशक्तीची पुनर्प्राप्ती’ असं लिहिलंय. ‘दमन’ वाचलं की मला लाठीमार आठवतो. ‘अनडिटेक्टेबल’ला ‘अदृश्य’ केलंय, तेही खटकतं. काय सुचवाल?

प्रतिसाद १
‘शमन’ घ्या. आयुर्वेदात शोधन-शमन ही जोडी आहेच. शोधन म्हणजे दोष शरीराबाहेर काढणं, शमन म्हणजे बाहेर न काढता शांत करणं. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या गोळ्या, विषाणूला बाहेर काढत नाही, म्हणजे शमनच की.

प्रतिसाद २
जोडी छान, पण ‘शमन’ म्हटलं की सामान्य वाचकाला ‘अग्निशमन’ आठवणार. आग विझली की बंब परत जातो. इथे बंबाला परत पाठवता येत नाही. ही औषधं विषाणूला नव्या प्रती काढू देत नाहीत. पण ज्या पेशींच्या डीएनएमध्ये तो आधीच शिरलाय, तिथून त्याला उपटता येत नाही. अशा काही पेशी वर्षानुवर्षं निवांत पडून असतात. गोळ्या थांबवल्या की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा रक्तात दिसू लागतो. आपल्याकडे याला तयार वाक्प्रचार आहे: दबा धरून बसणे. विषाणू ‘दबलेला’ नसतो, ‘दबा धरलेला’ असतो.

म्हणून मी ‘आटोक्यात’ म्हणेन. आणि ‘आटोक्यात आला’ नाही, ‘आटोक्यात राहतो’. ‘दीर्घकालीन’ हे जडजंबाल विशेषण त्या ‘राहतो’मध्ये आपोआप येतं.

‘अदृश्य’ तर काढाच. विषाणू एरवी तरी कुठे डोळ्यांना दिसतो? प्रश्न चाचणीच्या पोहोचीचा आहे. बऱ्याच चाचण्या मिलीलीटरमागे २० ते ५० प्रतींच्या खालचं मोजू शकत नाहीत. शिवाय जागतिक आरोग्य संघटना २०२३पासून दोन पायऱ्या वेगळ्या मानते: चाचणीत सापडतो पण मिलीलीटरमागे १००० प्रती किंवा त्याहून कमी, तो ‘सप्रेस्ड’, सापडतच नाही, तो ‘अनडिटेक्टेबल’. एकच शब्द दोन्हीकडे वापरलात तर पत्रिका चुकेल. पहिल्याला ‘आटोक्यात’, दुसऱ्याला सरळ ‘चाचणीत न सापडणारा’.

प्रतिसाद ३
‘न सापडणारा’ला माझं मत, पण शेजारी एक वाक्य हवंच: हा ‘निगेटिव्ह’ नव्हे. रिपोर्टवर ‘२०पेक्षा कमी’ छापलेलं पाहून ‘गेला एकदाचा’ म्हणत गोळ्या सोडणारे असतात. प्रतिपिंडांची (अँटिबॉडीजची) चाचणी केली तर ती पॉझिटिव्हच येते.

आणि ‘लागण’ हा शब्द हाताशी असताना ‘संक्रमण’ कशाला? चाचणीत विषाणू सापडत नसेल तर तो जोडीदाराला लागत नाही, हे सांगायला ‘जो सापडत नाही, तो लागत नाही’ हे तोंडात बसतं. मात्र ‘लैंगिक संबंधांतून’ हे आधी लिहा, पुरावा त्याचाच भक्कम आहे. ‘पार्टनर’ अभ्यासाच्या दुसऱ्या टप्प्यात (२०१९) ७८० हून अधिक पुरुष जोडपी होती (एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही) आणि उपचारांवर असलेल्या जोडीदाराकडून लागण झाल्याचं एकही उदाहरण मिळालं नाही. सुई किंवा स्तनपानाला हे वाक्य जसंच्या तसं लावू नका.

प्रतिसाद २ (पुन्हा)
‘पुनर्प्राप्ती’ राहिलीच. ती म्हणजे हरवलेलं सगळं परत मिळालं. असं वचन देऊ नका. सीडी४ची (एचआयव्ही ज्यांना मारतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची) सुरुवातीची उडी बरीचशी नव्या पेशींची नसतेच, लसिका ग्रंथींत अडकलेल्या पेशी रक्तात परततात. नव्या पेशींची भर नंतर, संथपणे, वर्षानुवर्षं पडत राहते. निरोगी माणसात रक्ताच्या दर घन मिलिमीटरमागे सीडी४ साधारण ५०० ते १५०० असतात. उपचार २००च्या खाली गेल्यावर सुरू झाले, तर विषाणू पूर्ण आटोक्यात असूनही काहींचा आकडा मध्येच अडतो. ‘झीज भरून येते’ म्हणा. मराठीत झीज थोडीही भरून येते, बरीचशीही.

प्रश्नकर्ती
मग असं लिहिते: ‘गोळ्या रोज घेतल्या की विषाणू आटोक्यात राहतो आणि प्रतिकारशक्तीची झीज हळूहळू भरून येते. गोळ्या लवकर सुरू केल्या तर अधिक.’

‘ब्लिप’ मात्र अडलाय. एखाद्या चाचणीत आकडा जरासा वर जातो, पुढच्या वेळी पुन्हा खाली, तो. ‘उसळी’ लिहिलं तर वाचणारा घाबरेल. ‘डोकं वर काढलं’ म्हटलं तर विषाणू बंडाला उठल्यासारखा वाटतो. आहे का कुणाकडे काही?