पोरांना वाचून दाखवलेलं चालतं, पण सोसायटीतले आजी-आजोबा झोपतात… काय चुकतंय?

गोदाकाठची_सई
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका. मी नाशिकच्या इंदिरानगरला राहते, घराजवळच्या मनपा शाळेत दर शनिवारी दुसरी-तिसरीच्या पोरांना गोष्ट वाचून दाखवते, दीड वर्ष झालं, आवाज बदलून, हातवारे करून, वाघ आला की डरकाळी वगैरे सगळं, पोरं खूश असतात. (सगळी नाही. चार-पाच जण मागे बसून एकमेकांच्या चपला लपवत असतात, ते वेगळं.) तर हे आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर कुणीतरी सांगितलं आणि त्यांनी मला बोलावलं की आम्हालाही वाच, आमचे डोळे आता साथ देत नाहीत. मी मोठ्या हौसेने गेले, एक विनोदी कथा घेतली, शाळेत वाचते तशीच वाचली. दहाव्या मिनिटाला दोन आजोबा घोरायला लागले, एक काकू मोबाईल बघत होत्या आणि शेवटी एक आजी मला बाजूला घेऊन अगदी प्रेमाने म्हणाल्या, "बाळ, आम्ही म्हातारे आहोत, बालवाडीतले नाही गं." मेल्याहून मेल्यासारखं झालं!

पुढच्या वेळी साधं वाचलं तर "ऐकू येत नाही" म्हणे, मग ओरडून वाचलं तर घसा बसला आणि तरी म्हणे ऐकू येत नाही. आता सांगा, मोठ्या माणसांना कसं वाचून दाखवायचं? काय वाचायचं, किती वेळ? आणि दोन्हीकडे वाचून घसा दुखतो त्याचं काय? रेकॉर्ड करून ग्रुपवर आणि यूट्यूबवर टाकलं तर जमेल का असंही डोक्यात आहे.

खडू_फळा
सईताई, मी दिंडोरी तालुक्यात झेडपी शाळेत ३१ वर्षं काढली, आता रिटायर आहे. आधी पोरांचं सांगतो कारण त्यातलं मला कळतं, म्हाताऱ्यांचं मी स्वतःच आता त्यात मोडतो त्यामुळे तेही थोडं कळतं.

चपला लपवणारी पोरं आहेत ना, त्यांची मला जास्त काळजी. एकदा बघा ती कुठली आहेत. नाशकात पेठ, सुरगाणा, हरसूल भागातून कामाला आलेली कुटुंबं खूप आहेत, घरात कोकणा नाहीतर वारली बोलतात, बागलाण-मालेगावकडची असली तर अहिराणी, म्हणजे घरी "शे" आणि पुस्तकात "आहे". त्या पोराला तुमची गोष्ट परक्या भाषेत ऐकू येते आणि तुम्हाला वाटतं मस्ती करतंय. माझ्या वर्गात मी एक करायचो, गोष्ट सुरू व्हायच्या आधी त्यातल्या चार-पाच वस्तू पोरांना दाखवायचो किंवा फळ्यावर काढायचो आणि विचारायचो, तुमच्या घरी याला काय म्हणता? पोरं भांडायची, आमच्याकडे असं नाही तसं म्हणतात, आणि मग गोष्टीत तो शब्द आला की मागची पोरं पुढे सरकून बसायची. एवढंच. आणि पुढे सरकून बसू द्या त्यांना, बाकांवरून उतरवा, जमिनीवर अर्धगोल. पोरं जवळ आली की आवाज चढवावा लागत नाही, तुमच्या घशाचं निम्मं दुखणं तिथेच संपतं.

दुसरं, डरकाळी फोडता ते ठीक आहे पण प्रत्येक पात्राला वेगळा आवाज द्यायच्या नादात आपणच विसरतो की कोल्ह्याचा कुठला आणि सशाचा कुठला, आणि पोरं ते बरोबर पकडतात! त्यापेक्षा वेग बदला. घाबरलेला भराभर बोलतो, लबाड सावकाश बोलतो. आदल्या रात्री घरी एकदा मोठ्याने वाचून काढा आणि जिथे श्वास घ्यायचा तिथे पेन्सिलने तिरकी रेघ मारा. डोळा नेहमी आवाजाच्या एक ओळ पुढे पाहिजे, तरच मान वर करून पोरांकडे बघता येतं, नाहीतर अख्खा वेळ पुस्तकालाच वाचून दाखवल्यासारखं होतं.

अजून एक, पोरांना स्वतः वाचता येतं त्याच्यापेक्षा थोडं अवघड पुस्तक घ्या. ऐकून कळायची त्यांची ताकद वाचून कळायच्या ताकदीच्या बरीच पुढे असते. तिसरीतलं पोर अडखळत वाचतं म्हणून त्याला अडखळणाऱ्या पोरासाठी लिहिलेलीच गोष्ट ऐकवायची, हे मला कधी पटलं नाही. आणि गोष्ट संपल्यावर "काय बोध घेतला?" विचारू नका हो, हात जोडतो.

सिन्नरकर_७२
ताई, मोठ्या माणसांना वाचून दाखवणं आपल्याकडे नवं थोडीच आहे. माझी आजी सिन्नरला विड्या वळायची, ओसरीवर पाच-सहा बायका, मांडीवर सूप, त्यात टेंभुर्णीची पानं आणि तंबाखू, हजाराच्या हिशोबाने मजुरी, त्यामुळे हात थांबवायची सोयच नाही. मी पाचवीत होतो, मला बसवायच्या नवनाथांची पोथी वाचायला. ४० अध्याय आहेत, रोज एक, कधी अर्धाच. आणि गंमत म्हणजे त्यातल्या एकीलाही वाचता यायचं नाही पण मी एखादी ओळ गाळली की लगेच "ए, मागे जा" म्हणायच्या, पाठ होतं त्यांना सगळं! मजुरी म्हणून मला एक शेंगदाण्याचा लाडू.

सांगायचं काय तर, त्या बायकांपुढे मी कसलाही अभिनय केला नाही, सपाट वाचायचो, पण ओवीला स्वतःचाच एक चालता ठेका आहे. पहिले तीन चरण यमकात चालतात आणि चौथा आखूड, तिथे श्वास आपोआप मिळतो, ऐकणाऱ्यालाही कळतं की आता एक पायरी संपली. गद्य वाचताना आपण तेच विसरतो आणि लांबच लांब वाक्य एका दमात ओढत नेतो. तुमच्या आजोबांना झोप आली ती गोष्टीमुळे नसेल, ठेक्यामुळे असेल. आणि हो, त्या बायका मध्येच थांबवून बोलायच्या, नाथांनी असं का केलं, तिच्या नवऱ्याने तसं का केलं, हसायच्या, कुणी रडायचं पण. तुम्ही मध्ये बोलू देता का? पोरांना "शांत बसा" म्हणता तसं त्यांनाही म्हणत असाल तर ती मंडळी झोपणारच.

अर्धा_कप_चहा
@सिन्नरकर_७२ काका भारी. क्युबात अगदी हेच, सिगारच्या कारखान्यात कामगार पानं वळतात आणि एक माणूस उंचावर बसून त्यांना पेपर, कादंबऱ्या वाचून दाखवतो. १८६५ पासूनची पद्धत आहे आणि पूर्वी वाचणाऱ्याचा पगार मालक नाही, कामगार आपल्या खिशातून द्यायचे. लाडू नव्हता बहुतेक.

कानसेन
घसा बसवून ओरडलात तरी ऐकू आलं नाही यात नवल काहीच नाही. आमच्या बाबांना ऐकायचं मशीन लागलं तेव्हा ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी समजावलं होतं, वय झालं की आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. म्हणजे आवाज ऐकू येतो पण स, श, फ, त असली व्यंजनं पुसली जातात, मग "सात" की "हात" कळत नाही आणि माणूस म्हणतो "ऐकू येत नाही". आपण ओरडतो तेव्हा पट्टी अजून वर जाते, म्हणजे नेमकी जी ऐकू येत नाही तिकडेच. तेव्हा पट्टी खाली आणा, वेग कमी करा, शब्दाचं शेवटचं अक्षर खाऊ नका (आपण नाशिककर "करतोय" चं काय करतो ते बघा एकदा). पुस्तक तोंडासमोर धरू नका, त्यांना ओठ दिसू देत, खिडकी तुमच्या पाठीमागे नको, उजेड तुमच्या चेहऱ्यावर पाहिजे. आणि सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे डोक्यावरचा पंखा. मशीनवाल्यांना तर पंख्याची घरघर तुमच्या आवाजाइतकीच मोठी ऐकू येते. मार्चमध्ये पंखा बंद करा म्हणणं म्हणजे शिव्या खाणं आहे, पण वीस मिनिटं करून बघा.

डोळस_नाही_तरी_चालेल
मी वेगळ्याच बाजूने सांगते. मी चार वर्षं अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतेय, बरेचसे एमपीएससीवाले. सुरुवातीला मी पण जीव ओतून वाचायचे, भूगोलाचं पुस्तकसुद्धा जणू नाटकातला प्रवेश! एका मुलाने तोंडावर सांगितलं, "ताई, भावना नका घालू, मी हे दुप्पट स्पीडने ऐकतो, तुमच्या भावनांचा चिपमंक होतो, कार्टूनमधल्या खारीसारखा चिरका आवाज." तेव्हापासून सपाट, स्पष्ट, एकाच वेगात. पान नंबर सांगायचा, मथळा सांगायचा, तक्ता आला तर आधी सांगायचं किती ओळी किती रकाने आणि मग ओळीने वाचायचं, नकाशा आला तर त्यात काय कुठे आहे ते आपल्या शब्दात, आणि परकं नाव आलं की एकदा अक्षर अक्षर फोडून. कंटाळवाणं वाटेल, पण त्याला माझ्याकडून करमणूक नको होती, पुस्तक पाहिजे होतं.

म्हणून सई, तुझ्या कट्ट्यावरच्यांना एकदा विचार ना की तुम्हाला काय पाहिजे? कदाचित कथा नकोच असेल. आमच्या इथे एका आजोबांना फक्त अग्रलेख आणि निधन वार्ता हव्या असायच्या, रोज, आणि निधन वार्ता आधी.

उच्चाराचं एक: आपली लिपी च आणि ज चे दोन उच्चार वेगळे दाखवत नाही. "जग" म्हणजे दुनिया आणि "जग" म्हणजे जगून घे, लिहायला एकच. चिमणीतला च आणि चुलीतला च वेगळा. पोरं तुझं ऐकून शिकतात आणि म्हातारे तुझं ऐकून मनातल्या मनात मार्क कापतात, दोन्हीकडे लक्ष पाहिजे.

कलम_५२
कुणीच रेकॉर्डिंगचं उत्तर दिलं नाही म्हणून. वर्गात शिकवताना वाचणं आणि चार लोकांत छापील पुस्तकातला वाजवी उतारा वाचणं याला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच मुभा आहे, कलम ५२. अख्खं पुस्तक रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणं हा वेगळा विषय, तिथे परवानगी लागते, "आम्ही पैसे घेत नाही" हे उत्तर चालत नाही. अंधांसाठी करतात त्याला २०१२ च्या दुरुस्तीने वेगळी सूट आहे, ती सगळ्यांना नाही.

भारतात लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतात. म्हणजे कुसुमाग्रज १९९९ ला गेले, त्यांचं २०५९ संपेपर्यंत हक्काधीन. साने गुरुजी १९५० ला गेले, त्यांचं २०११ पासून मोकळं. आणि तुम्हाला आयतं देतो, "श्यामची आई" आपल्या नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत लिहिलेलं आहे आणि पुस्तकाची रचनाच अशी की आश्रमात रोज रात्री श्याम सांगतो आणि बाकीचे ऐकतात, प्रकरणांना नावंच "रात्र पहिली", "रात्र दुसरी". मोठ्याने वाचायलाच बेतलेलं आहे, एका बैठकीला एक रात्र. पोरांसाठी रेकॉर्ड करायचं तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी आहेत, क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्स, लेखक-चित्रकार-अनुवादकाचं नाव घ्यायचं की झालं.

मिसळ_एक_पाव_चार
श्यामची आई नको रे बाबा, सगळा कट्टा रडत बसेल आणि बीपीच्या गोळ्या वाढतील 😄

खडू_फळा
@मिसळ_एक_पाव_चार रडू दे की. गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेत उन्हाळ्यात तास-तास बसून ऐकणारं गाव आहे हे, ऐकायची सवय आहे लोकांना.

गोदाकाठची_सई
तीन आठवड्यांनी अपडेट देतेय, सॉरी, मध्ये आजारी होते (घसाच!).

शाळेचं आधी. गुरुजी तुम्ही बरोबर होतात, चपलावाल्यांमधले तिघे पेठकडचे निघाले. गोष्टीत विळा होता, मी विचारलं तुमच्या घरी याला काय म्हणता, तर त्यातला एक उठून अख्ख्या वर्गाला विळा कसा धरायचा तेच दाखवायला लागला, गोष्ट राहिली बाजूला, पण पुढच्या शनिवारी तो पहिल्या रांगेत होता. चपला अजून लपतात, लपवणारे बदलले.

आता कट्टा. मी आधी विचारलं काय वाचू. सात जणांनी सात उत्तरं दिली आणि मग आपसात भांडण झालं, त्यात अर्धा तास गेला आणि कुणी झोपलं नाही! शेवटी "रात्र पहिली" घेतली. पट्टी खाली, सावकाश, पेन्सिलच्या रेघा मारून, तोंडावर उजेड घेऊन. मध्ये बोलू दिलं. आणि बोलले हो, इतके बोलले की वीस मिनिटांच्या वाचनाला सव्वा तास लागला. मला "बालवाडीतले नाही" म्हणणाऱ्या आजींचं माहेर सटाण्याचं, गोष्टीत सावित्रीचं व्रत आलं तशा त्या म्हणाल्या आमच्याकडे हे व्रत असं करायचे आणि अहिराणीत गाणं म्हटलं, अर्धं विसरल्या होत्या, दुसऱ्या एका काकूंनी पुरं केलं, ज्या त्या दिवशी मोबाईल बघत होत्या त्याच. घोरणारे आजोबा एकच घोरले. त्यांच्या मिसेस म्हणाल्या ते सिनेमालाही घोरतात, मनावर घेऊ नकोस.

एक फसलं पण. तिसऱ्या रात्रीला मी एक परिच्छेद गाळला, वाटलं लांबतोय, तर एक आजोबा म्हणाले "मधलं कुठे गेलं?" सिन्नरकर काका, तुमच्या ओसरीची आठवण झाली. लाडू मात्र नाही मिळाला, बिनसाखरेचा चहा मिळतो.

रेकॉर्डिंगचं रहित केलं, त्यांच्या गप्पाच जास्त असतात त्यात. कट्टा बुधवारी साडेपाचला असतो, इंदिरानगर जॉगिंग ट्रॅकजवळ कुणी राहत असेल तर मेसेज करा, मला एक बदली वाचणारा पाहिजेच आहे. फक्त पंखा बंद असतो, तेवढं चालवून घ्यावं लागेल.