जुना टेबल फॅन नुसताच गुरगुरतो, टाकावा की दुरुस्त होईल?

जुनंतेसोनं: घरात आजोबांच्या वेळचा टेबल फॅन आहे, पूर्ण लोखंडी, पितळी पाती. चालू केला की नुसता गुरगुरतो, काठीने पातं ढकललं की मग हळूहळू फिरायला लागतो. बॉडीला हात लावला तर झिणझिण्या येतात. मेकॅनिक म्हणतो मोटर गेली, भंगारात द्या. खरंच गेली असेल का? वरून तेल सोडून बघू का?

खटपट्या: आधी प्लग काढा आणि काढलेलाच राहू द्या, झिणझिण्या म्हणजे करंट बॉडीत उतरतोय. मोटर गेली म्हणायची घाई नको, ढकलल्यावर फिरतेय म्हणजे वाइंडिंग (आतलं तांब्याच्या तारेचं वेटोळं) बहुतेक शाबूत आहे. कपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा जोर देणारी छोटी डबी) असेल तर तो बदला, त्यावर लिहिलेले मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्ट जास्त चालतील.

वायरवाला: करंट बहुतेक मानेपाशी उतरत असणार. फॅन डावीउजवीकडे फिरतो तिथे वायर सारखी वाकते. जुन्या वायरीला वरून सुती वेष्टण असतं, ते दिसायला ठणठणीत, पण आतलं रबर हात लावला की बिस्किटासारखं भुगा होतं. टेप गुंडाळत बसू नका, पूर्ण वायर बदला, थ्री-कोअर (आत तीन तारा असलेली) टाका, अर्थिंगची वायर बॉडीला रंग खरवडून स्क्रूने घट्ट लावा. नंतर शक्य असेल तर ५०० व्होल्टच्या मेगरने (करंट बॉडीत गळतोय का ते दाखवणारं मीटर) चेक करून घ्या. पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब (फॅनच्या एका वायरीत मध्येच जोडलेला बल्ब) लावूनच करा, साधा १०० वॅटचा तारेचा (एलईडी अजिबात नको). बल्ब फुल पेटला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

जुनंतेसोनं: उघडला. कपॅसिटर कुठेच नाही!! स्टेटरच्या (मोटरच्या न फिरणाऱ्या भागाच्या) प्रत्येक पोलला कडेला तांब्याची जाड कडी बसवलेली दिसतेय. आणि शाफ्ट हाताने फिरवला तर जड जातोय.

खटपट्या: मग शेडेड पोल मोटर आहे ती, तिला कपॅसिटर नसतोच, त्याचं काम त्या तांब्याच्या कड्या करतात; माझं वरचं कपॅसिटरचं सोडून द्या. या मोटरला सुरुवातीचा जोर मुळातच फार कमी असतो, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी) जरा जरी धरला तरी ती अडून बसते. जुनं तेल सुकून डिंकासारखं झालं असणार. नुसतं वरून तेल सोडून उपयोग नाही आणि स्वयंपाकाचं तेल तर चुकूनही नको, ते परत चिकटच होतं. शाफ्ट आणि बुश रॉकेलच्या फडक्याने काळं निघायचं थांबेपर्यंत पुसा, नीट वाळू द्या, बुशभोवतीचा नमदा (तेल धरून ठेवणारी जाड लोकरी पट्टी) शिलाई मशीनच्या तेलात चांगला भिजवून परत बसवा. पात्याला टिचकी मारली की ते सहज फिरून आपोआप थांबलं पाहिजे. कड्यांना हात लावू नका.

वायरवाला: आणि आधी वायर, मग तेल.